किसनदादाची चौकशी

माझा मोठा भाऊ किसन मला आधी ऐकू येतो, मग दिसतो. आमच्या वडनेरच्या घरामागे गोठ्याला लागून त्याने माती टाकून, भुसभुशीत करून आखाडा केला होता. उजाडता उजाडता तिथून त्याच्या बैठकांचा आवाज सुरू व्हायचा. एका लयीत ‘हुं, हुं’, मधूनच मांडीवर थाप, आणि शेजारी बांधलेल्या म्हशीच्या साखळीची खळखळ. तोवर माय जात्यावरून उठलेली असायची. चुलीवर कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारी-उडदाची, तव्यावरून निखाऱ्यावर उभी व्हायची आणि दुसऱ्या हाताने खलात बदाम-खसखस कुटणं चालायचं. भिजवलेल्या बदामांची सालं काढायचं काम माझ्याकडे होतं आणि ते करताना माय मला सारखं बोलतं ठेवी. बोलणाऱ्या तोंडाला खाता येत नाही, एवढा साधा तिचा विचार. परिणाम असा झाला की मला जन्मभराची बोलायची सवय लागली, आणि बोलता बोलता बदाम खाणंही जमू लागलं.

बोलायचं म्हणजे मी विचारायची. दादा मातीत ताक काऊन टाकते? पैलवानाचे कान असे चुरगळल्यासारखे काऊन असतात? म्हशीचं सगळं दूध त्यालेच काऊन? बाबा ओसरीवर बसून सुपारी कातरत असायचे. ते म्हणत, “या पोट्टीले एखाद्या वकिलाच्या घरी द्या लागते, म्हणजे तो तरी जवाब देईन.” वकील काही मिळाला नाही. मला दिली ती पोस्टातल्या माणसाच्या घरी, आणि त्यांनी संसारभर तारेतले शब्द मोजावेत तसे मोजून शब्द वापरले. पण ते पुढचं.

बारा-तेरा वर्षांची असेन मी तेव्हा. आमच्या घराचा सगळा कारभार दादाच्या अंगाभोवती फिरायचा. पाहुणे आले की आधी त्याच्यासाठी दूध काढून ठेवायचं आणि उरलं तर चहा. मोठ्या घमेल्याएवढ्या परातीत भाकरी मोडून, त्यावर उडदाचं घट्ट वरण ओतून, मधोमध तुपाचं खळगं करून तो जेवायला बसे तेव्हा शेजारची पोरं दारात उभी राहून बघत. माय त्यांना हाकलून देई. नजर लागते म्हणे. लागली असती तर एव्हाना तो वाळून काडी झाला असता, कारण मी रोजच बघायची.

त्या वर्षीच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत दादानं खानदेशाकडच्या एका नावाजलेल्या पैलवानाला चीत केलं. मी बाबांच्या खांद्याला धरून बैलगाडीवर उभी होते; मला फक्त धूळ दिसली, मग एकदम फेटे उडाले. कुस्ती संपल्यावर माळव्यातल्या एका संस्थानाचा उस्ताद दादाजवळ आला. मानेपासून खांद्यापर्यंत एकच उतार असलेला माणूस. त्यानं दादाच्या पाठीवर, दंडावर हात फिरवला आणि बाबांना म्हणाला, “महाराजांच्या तालमीत जागा आहे. अंग मी पाहिलं. बाकीचं पाहून कळवू.” तालमीत घेतला म्हणजे मग जन्माची ददात मिटली. खुराक दरबारचा, कपडा दरबारचा, मालीश करायला माणूस, आणि हिंदुस्थानभर कुस्त्या. दादाला दुसरं काही नको होतं. लहानपणापासून त्यानं मागितलेली ती एकच गोष्ट.

त्या ‘बाकीचं’ या शब्दावर आमच्या घरात बरेच दिवस खल झाला. बाकीचं म्हणजे काय? बाबांना वाटलं, जमीन-जुमला. मायला वाटलं, पत्रिका. दादाला ठाऊक होतं, पण तो बोलला नाही. गावानं मात्र ठरवून टाकलं की दरबारचा माणूस येणार तो घोड्यावर येणार, लाल पागोटं घालून येणार, आणि पुढे बिल्लेवाला शिपाई पळत येणार. पावसाळा गेला, कपाशीची बोंडं फुटली, तरी घोडा काही आला नाही.

दादा त्या सुमारास दर गुरुवारी शेगावला जाऊ लागला होता. नांदुऱ्यापर्यंत पायी आणि तिथून पॅसिंजरनं. मंदिरात दर्शन घेऊन यायचा. पैलवान एवढा भाविक झाला म्हणून गावाला कौतुक. मला कौतुकापेक्षा नवल वाटायचं, कारण घरच्या देवापुढे तो कधी नीट हातसुद्धा जोडत नसे. एका गुरुवारी मायनं दर्शनाची टूम काढली आणि मलाही घेतलं. मंदिराजवळ हार-फुलांची, बत्ताशांची दुकानं होती. एका दुकानात एक मुलगी झेंडूचे हार ओवत बसली होती. आम्हाला बघताच तिनं झटक्यात डोक्यावरून पदर ओढला आणि उठून बत्ताशाच्या पोत्यामागे पाठ करून उभी राहिली. हार तिथेच, सुई हारातच. दादाचे कान लाल झाले होते. माय नारळाचा भाव विचारत राहिली, जणू तिला काही दिसलंच नाही.

परतीच्या गाडीत दादा दाराशी जाऊन उभा राहिला तेव्हा मी मायला विचारलं, “ते पोरगी आपल्याले पाहून काऊन लपली?”

“चूप बस.”

“काऊन पण?”

मायनं खिडकीबाहेर बघत हळूच सांगितलं. ती मुलगी म्हणजे दादाची लग्नाची बायको होती. तिचं नाव गंगू. धामणगाव बढ्याची. लग्न झालं तेव्हा ती पाटावर नीट बसण्याएवढी होती आणि दादा मिसरूड फुटायच्या आतला. मी तर मायच्या कडेवर. लग्नाच्या पंगतीत बायका विहीण-व्याह्यांना चिडवणारी गाणी म्हणतात, ती तशी आजही म्हणतात. तिकडच्या बायकांनी बाबांवर गाणं रचलं की व्याह्याच्या गाडीचे बैल उसने आणलेले, झूलही उसनी. सगळी पंगत हसली. बाबा भरल्या ताटावरून उठले. पुढे माय मला म्हणाली ते अजून आठवतं, “खोटं असतं तर हासले असते वं. बैल खरंच उसने होते.” बाबांनी शपथ घेतली की त्या घरची पोरगी नांदवायला आणणार नाही. तिचे वडील पुढे वारले, आणि ती शेगावला मामाच्या दुकानात येऊन राहिली. आमच्या घरात त्या लग्नाचं नाव निघत नसे, गावही काढत नसे. बाबा दादासाठी दुसरं स्थळ शोधत होते, आणि तेव्हा त्यात कुणाला वावगंही वाटत नव्हतं. एक बायको टाकायची आणि दुसरी करायची, झालं. मला मात्र त्या दिवसापासून भलतंच कुतूहल लागलं. पाठीकडून बघितलेली माझी वहिनी पुढून कशी दिसत असेल?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक गृहस्थ गावात आले. बारीक, चष्मा लावलेले, हातात छत्री, अंगात बंद गळ्याचा कोट. ते गोविंदा न्हाव्याकडे दाढी करायला बसले आणि त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तो किसन कोणाचा? कसा आहे मुलगा? व्यसन वगैरे?”

आता आमच्याकडे परक्या माणसानं एखाद्या मुलाचं असं विचारलं तर त्याचा एकच अर्थ होतो. मुलीचा काका किंवा मामा. अशा वेळी गावाचंही काही कर्तव्य असतं. कुणाचं वाकडं असेल तर तो भांजी मारतो. बाकीच्यांनी मुलाचं वजन वाढवायचं. बाबांचं कुणाशी वाकडं नव्हतं. तेव्हा गोविंदानं वस्तरा बाजूला ठेवला आणि मन लावून वजन वाढवलं. मुलीच्या बापाला पैलवान जावई म्हटलं की धडकी भरते, हे त्याला माहीत होतं. पैलवान खातो घरादाराला पुरून उरेल एवढं, रागीट असतो, आणि आखाडा सुटता सुटत नाही. म्हणून तो म्हणाला, “पैलवानकी? छ्या! ते पोरपणचं खूळ होतं साहेब. आता तो आखाड्याचं तोंड बी पाहत नाही. वावरात राबते निसता.”

पाहुण्यांनी किराणा दुकानात विचारलं. तिथे कळलं, “खाणं म्हणाल तर पाखराचं. दोन भाकरी, ते बी आग्रह केल्यावर.” विहिरीवरच्या बायकांनी सांगितलं की इतका गरीब मुलगा, कुणी दोन शिव्या दिल्या तरी मान वर करत नाही. चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं तर कमाल केली. म्हणाला, पोराच्या गुडघ्यात कळ येते, त्यामुळे तो घर सोडून कुठं जायचा नाही. मला हे सगळं नंतर ज्यानं त्यानं अभिमानानं सांगितलं. प्रत्येकाला वाटत होतं की लग्न आपल्यामुळेच जमणार. इतक्या प्रेमानं एखाद्याचं वाटोळं झालेलं मी पुन्हा बघितलं नाही.

पाहुणे दुपारी आमच्या दारात आले तोवर बातमी त्यांच्या पुढे धावत येऊन पोचली होती. ओसरीवर घोंगडी अंथरली होती, बाबांनी धुवट फेटा बांधला होता, आणि मायनं दादाला सदरा घालायला लावून गळ्यापर्यंत गुंड्या लावून दिल्या होत्या. “जेवाले बसले की दोन भाकरीच्या वर हात करू नको,” ती त्याला परसात दटावत होती, “लोकायनं दोन सांगतल्या हायेत.”

“माय, मले लग्न करायचं नाही,” दादा म्हणाला.

“जेव तर आधी.”

तो जेवला. वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, वरण. पाहुणे समोर बसून त्याच्या ताटाकडे बघत होते आणि मी दाराच्या चौकटीला चिकटून पाहुण्यांकडे बघत होते. मला त्यांचं नवल वाटत होतं, कारण दादा जसजसा कमी खात होता तसतसा त्यांचा चेहरा उतरत होता. मुलीकडच्यांना तर हायसं वाटायला हवं! दोन भाकरी संपल्या. दादानं मायकडे बघितलं, मायनं डोळे मोठे केले, आणि दादानं ताटात हात धुतला. पाहुण्यांनी सुस्कारा सोडला, हात पुसले, छत्री उचलली.

“पाटील, मुलगा चांगला आहे. पण आमच्या कामाचा नाही. आमच्या उस्तादांनी काय पाहिलं कोण जाणे. महाराजांना पैलवान हवा होता.”

म्हणजे दरबारचा माणूस तो हाच होता! मग एकदम गलका झाला. बाबा, गोविंदा, दुकानदार, दारात जमलेले सगळे एकाच वेळी बोलू लागले. अहो तो रोज बैठका मारतो! अहो तो घमेलंभर जेवतो! विहिरीवरच्या बायका भिंतीपलीकडून ओरडल्या की मागच्या पोळ्याला त्यानं एकाचा हात मुरगाळला होता. माय आत पळाली आणि दुधाचा तांब्या, उरलेल्या भाकरींची दुरडी, हाताला लागेल ते घेऊन आली. दादानं सदऱ्याच्या गुंड्या तोडल्या, सदरा काढला, आणि उन्हात जाऊन उभा राहिला. पाहुण्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. पहिल्यांदा हसले. “असं आहे तर. तुम्ही सगळे मला मुलीकडचा समजलात होय!”

मग ते पुन्हा घोंगडीवर बसले आणि त्यांनी नीट सांगितलं. तालमीची रीत अशी की आधी आपली ओळख द्यायची नाही, गावात विचारायचं. अंग कुणालाही कमावता येतं; पण दारू, गांजा, तमाशाचा फड, बाई, यातलं एक जरी असलं तरी दरबारात जागा नाही. लग्न झालेला तर घेतच नाहीत, कारण कित्येक वर्षं घराचं तोंड बघता येत नाही. “मी येताना शेगावला उतरलो होतो,” ते म्हणाले. “तिथे लोक सांगत होते, वडनेरचा पैलवान दर गुरुवारी येतो आणि एका फुलांच्या दुकानात एका मुलीशी बोलत बसतो. कोण आहे ती?”

सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकानंही मान वर केली नाही. तेव्हा बाबा बोलले. अगदी सहज, सुपारीचं खांड पुढं करत.

“ते होय? मावसबहीण लागते त्याची. गंगू. तिचा बाप वारला, म्हणून खबर घेत असते हा.”

पाहुण्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. “बहीण आहे तर प्रश्नच मिटला. किसन, उद्याच्या गाडीनं निघायचं. वळकटी बांध. बहीणच ना?”

आता फक्त मान हलवायची होती. कुणी खोटं पाडणार नव्हतं. तोंडानं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते. त्याला ती जागा किती हवी होती हे माझ्याइतकं कुणाला माहीत असेल? त्याच्यासाठी बदाम सोलत मी लहानाची मोठी झाले होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, हलव ना बे मान, हलव!

“बहीण नाही,” दादा म्हणाला. “माही बायको हाय ते. देवाबाम्हणासमोर केलेली. इथं आणली नाही, एवढाच तिचा गुन्हा.”

बाबांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. मायनं पुढे केलेलं दूध पाहुण्यांनी उभ्या उभ्या घेतलं आणि म्हणाले, “पाटील, सकाळपासून तुमच्या गावानं मला पुष्कळ सांगितलं. खरं एवढंच निघालं. पण मी नियमाचा माणूस आहे.” दादाच्या उघड्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, थोडा दाबला, आणि छत्री उघडून नांदुऱ्याच्या वाटेला लागले.

मला दादाचा राग आला होता, हे सांगून टाकते. एवढा मोठा माणूस आणि एक मान हलवता आली नाही! तो पुढे कितीतरी दिवस आखाड्यात गेला नाही. गोठ्यात म्हशीजवळ बसून राहायचा, जेवायला बोलावलं की यायचा आणि आता खरंच दोन भाकरी खाऊन उठायचा. बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. पण त्याच आठवड्यात मायनं नवं लुगडं नेसलं, ओटीचं सामान पदरात बांधलं आणि बाबांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं, “मी शेगावले जाऊन राह्यली. सून आणाले.” बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नको म्हणाले नाहीत. शपथ त्यांनी घेतली होती, मायनं नव्हे, आणि शिवाय आपल्या तोंडून सुनेला लेकीच्या नात्यात बसवून गेलेला माणूस कोणत्या तोंडानं नको म्हणणार होता?

अशी गंगूवहिनी आमच्या घरी आली. पुढून ती बरीच साधी होती. सावळी, उंच, हाताला झेंडूचा वास. बाबांनी तिच्या हातचं पाणी घ्यायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. दादा हळूहळू पुन्हा जत्रांमधून कुस्त्या खेळू लागला, चांगल्या खेळला, पण आमच्या भागाबाहेर त्याचं नाव गेलं नाही. माळव्याच्या पैलवानांची गोष्ट कुणी काढली की तो उठून गुरांना पाणी दाखवायला जाई. हे त्याच्या अखेरीपर्यंत. त्याला चुटपूट लागली नाही असं मी लिहिणार नाही.

वहिनीला हे बायकांकडून लवकरच कळलं. तुझ्यापायी दरबार गेला, असं पाणवठ्यावर सांगणाऱ्या काही कमी नव्हत्या. एका दुपारी शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. “वच्छे, तू होती ना तेथी? ते काय बोलले? त्यायच्या तोंडचं सांग, जसंच्या तसं.” मी दादाचे शब्द सांगितले. तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “पुन्हा सांग.”

त्यानंतर तिनं ते माझ्याकडून किती वेळा वदवून घेतलं याला गणती नाही. मी माहेरी गेले की एकदा तरी व्हायचंच. दादा असतानाही आणि दादा गेल्यावरही. विचारायचं वेड माझं. पण उत्तर ठाऊक असलेला तोच प्रश्न इतकी वर्षं विचारत राहण्यात काय असतं, हे मला तिच्याकडून कळलं. आता तिला नीट दिसत नाही आणि ऐकूही कमीच येतं. मागच्या महिन्यात वडनेरला गेले होते. तिच्या कानाशी तोंड नेऊन मी सगळं पुन्हा सांगितलं; पाहुणे, छत्री, बाबांचं ते बोलणं, मग दादा काय म्हणाला ते, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

“आन् मंग?” तिनं विचारलं.

“मंग काय, वहिनी? पाहुणे गेले निघून.”

“जाऊ दे त्यायले,” ती म्हणाली.